उघडी मोटार, दोन घरे आणि मागच्या आसनावरचे मूल

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत जुन्या, उघड्या टपाच्या मोटारींच्या हौशीविषयी प्रसिद्ध झालेला लेख मी आवडीने वाचला. मडगार्डांची वळणे, क्रोमच्या पट्ट्या, टप उतरवल्यावर अंगावर येणारा वारा यांचे वर्णन लेखकाने जिव्हाळ्याने केले आहे आणि त्यात खोट काढण्याचे मला काहीच कारण नाही. मात्र लेखासोबतच्या छायाचित्रात दोन मुले चालत्या गाडीच्या मागच्या आसनावर उभी राहून हात हलवीत होती, आणि आजकालचे पालक नको तितके भित्रे झाले आहेत, अशा अर्थाचे एक वाक्य लेखाच्या अखेरीस जाता जाता टाकलेले होते. त्या वाक्याविषयी हे पत्र आहे, कारण नेमका हाच वाद आमच्या घरी, म्हणजे खरे तर आमच्या दोन घरांमध्ये, बरेच दिवस चालू आहे.

माझा घटस्फोट झालेला आहे. सहा वर्षांची मुलगी आईकडे राहते आणि ठरलेल्या दिवशी माझ्याकडे येते. तिच्या आईला वडिलांच्या पश्चात १९६० च्या दशकातील एक दोन दारांची, कापडी टपाची मोटार मिळाली. ती गाडी म्हणजे तिच्या वडिलांची शेवटची ठेव आहे, आणि आजोबांच्या गाडीतून नातीने फिरावे असे तिला वाटणे मला पूर्णपणे समजते. मुलीला त्या गाडीत बसवून रस्त्यावर नेऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. गाडी विकावी, झाकून ठेवावी किंवा तिचा नाद सोडावा, असे मी कधीही म्हटलेले नाही.

मुलीच्या आईची बाजू मी येथे तिच्याच क्रमाने मांडतो, कारण ती पोकळ नाही. गाडी क्वचितच बाहेर निघते, निघाली तर स्वच्छ हवेत, दिवसाउजेडी आणि बेताच्या वेगाने. तिची देखभाल माझ्या रोजच्या गाडीपेक्षा अधिक काळजीने होते. लग्नानंतर मी स्वतः याच गाडीतून हौसेने फिरलो आहे आणि तेव्हा मला तिच्यात काही वावगे दिसले नव्हते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलगी जेव्हा तिच्याकडे असते तेव्हा तिने काय खावे, किती वाजता झोपावे, कोणत्या गाडीतून जावे हे ठरविण्याचा अधिकार तिचा आहे. दुसऱ्या घरातून येणारी प्रत्येक सूचना मान्य करायची तर मग वेगळे राहण्याला अर्थ काय?

यांतल्या पहिल्या दोन मुद्द्यांना मी वजन देतो. धोका हा किती अंतर, किती वेगाने आणि कशा रहदारीत जायचे यावर अवलंबून असतो, आणि वर्षातून मोजक्या वेळा निघणारी गाडी रोज हमरस्त्यावर धावणाऱ्या गाडीएवढ्या धोक्यात येत नाही, हे उघड आहे. तिसऱ्या मुद्द्याला माझे उत्तर असे की, प्रौढ माणूस स्वतःपुरता धोका पत्करतो तेव्हा त्याला तो कळलेला असतो आणि त्याची उंची गाडीच्या पट्ट्यात बसणारी असते; सहा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नसतात. चौथा मुद्दा मात्र मुळाशी जाणारा आहे, त्याकडे मी शेवटी येतो, कारण त्याआधी गाडीतील आसनाविषयी लिहिले पाहिजे. अशा वादात आसनाविषयी कोणीच बोलत नाही, सगळे एकमेकांच्या स्वभावाविषयी बोलतात.

तिच्या संमतीनेच मी ती गाडी एकदा नीट पाहिली. मूळ बनावटीत मागे पट्टे नव्हतेच. पुढे कधीतरी कोणा मेकॅनिकने कमरेवरून जाणारे दोन पट्टे बसवून दिले होते. आसनाच्या फटीत हात घालून मी त्या पट्ट्याचे टोक शोधले, तेव्हा तो बोल्ट थेट तळाच्या पातळ पत्र्यातून खाली काढलेला आढळला. पत्र्याच्या खालच्या अंगाला बळकटीची जाड पट्टी नव्हती, होता तो नाण्याएवढा एक वायसर, आणि त्याच्याभोवती अंगठ्याने दाबले असता पत्रा किंचित आत गेला व गंजाची खपली बोटाला लागली. पट्टा नवा आणि मजबूत होता, पण पट्ट्याची ताकद तो ज्याला जखडला आहे त्याच्याएवढीच.

नंतर मुलीला, गाडी जागेवर उभी असतानाच, तेथे बसवून पाहिले. आसनाची खोली मोठ्या माणसाच्या मांडीला बेतलेली असल्यामुळे तिचे गुडघे कडेपर्यंत पोहोचत नव्हते. पाय खाली सोडता यावेत म्हणून ती आपोआप पुढे घसरून पोक काढून बसली, आणि त्याबरोबर पट्टा ओटीपोटाच्या खालच्या हाडांवरून सरकून पोटाच्या मऊ भागावर आला. लहान मुलांच्या कमरेच्या हाडाचा जो उंचवटा पट्टा अडवून धरतो तो अजून पुरता वाढलेला नसतो. धडकेच्या क्षणी असा पट्टा पोटात रुततो, शरीराचा वरचा भाग पुढे दुमडतो, आणि आतडी व कण्याला इजा होते. या जखमांचा समूह वैद्यकात १९६० च्या दशकापासून 'सीट बेल्ट सिंड्रोम' या नावाने ओळखला जातो. म्हणूनच अशा मुलांना बूस्टर, म्हणजे आसनावर ठेवायची उंच बैठक, देतात, जेणेकरून मूल उंच बसेल, गुडघे वाकतील, पट्टा मांड्यांच्या मुळाशी आणि खांद्याच्या मधोमध येईल. परंतु बूस्टर खांद्यावरून जाणाऱ्या तीन बिंदूंच्या पट्ट्याबरोबरच वापरायचा असतो. नुसत्या कमरपट्ट्यावर तो वापरू नये, असे बूस्टर बनविणारेच बजावतात.

मग तीन बिंदूंचा पट्टा बसवून घ्यावा, असे कोणीही म्हणेल, आणि मीही तेच म्हणालो. निल्स बोलिन या अभियंत्याने घडविलेला हा पट्टा व्होल्वोने १९५९ मध्ये गाड्यांत आणला, तेव्हा तो काही नवलाचा राहिलेला नाही. पण उघड्या गाडीची अडचण येथेच सुरू होते. बंद गाडीत खांद्यावरच्या पट्ट्याचे वरचे टोक दारामागच्या खांबाला, खांद्याच्या वर, जखडलेले असते. उघड्या गाडीला तो खांबच नसतो. मागच्या आसनापाठीमागे तर दुमडलेला टप ठेवण्याची पोकळी असते, म्हणजे पट्टा बांधण्यासारखे भक्कम असे तेथे काहीच नसते. टोक खाली कोठेतरी बांधले तर धडकेत पट्टा खांद्याला मागे न ओढता खाली दाबतो आणि तो सगळा दाब कण्यावर येतो. यावर उपाय नाही असे नाही. जाणकार कारागीर मूळ सांगाड्याला जोडलेला रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोके वाचविणारी नळीची कमान, बसवून त्यावर पट्ट्याचे वरचे टोक घेतात आणि तळाला जाड पट्ट्या जोडून देतात. पण रोल बारची नळी मुलाच्या डोक्याच्या आवाक्यात येत असेल तर तीच इजा करते, म्हणून तिच्या जागेचा व गादीचा विचार वेगळा करावा लागतो. हे काम करायचे तर गाडीचा मूळपणा थोडा जातो, आणि आमचा वाद सध्या येथे अडला आहे. वडिलांच्या गाडीला भोके पाडायला ती तयार नाही. तिचे मन मी समजू शकतो, परंतु मग त्या गाडीत मूल बसू शकत नाही, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो.

'हळू चालवते' या आश्वासनाविषयी थोडे गणित मांडतो, कारण बेताचा वेग हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने होणारी धडक ही सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखी असते. गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली असे धरले तर २० किलोच्या मुलाला थोपविण्यासाठी सरासरी ४०० किलो वजनाएवढा जोर लागतो. मांडीवर घेतलेले मूल हातांनी धरून ठेवता येईल ही समजूत या आकड्यापुढे टिकत नाही, आणि त्या वायसरभोवतीचा गंजलेला पत्राही टिकेल असे मला वाटत नाही. शिवाय आपण हळू चालवले म्हणून समोरचा हळू येतो असे नाही.

जुनी गाडी जाड पत्र्याची, म्हणून दणकट, हाही एक लाडका समज आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या निधीवर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये १९५९ सालची शेवरले बेल एअर आणि २००९ सालची शेवरले मॅलिबू यांची ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर, अर्ध्या बाजूची धडक घडवून आणली. जड, रुबाबदार बेल एअरचा प्रवासी कक्ष चिरडला गेला आणि तिच्यातील चाचणीच्या बाहुल्याच्या जागी माणूस असता तर तो वाचला नसता. मॅलिबूच्या चालकाला पायाची किरकोळ दुखापत झाली असती. आणि त्या बेल एअरला तर पोलादी छप्पर होते! नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळण्यासाठी बनवलेला असतो, म्हणजे धडकेची शक्ती तेथेच खर्ची पडते. जुन्या गाडीत ती शक्ती आतल्या माणसांपर्यंत येते. त्यात साठीच्या दशकातील पुष्कळ दोन दारी गाड्यांत पुढच्या आसनाची पाठ दुमडते पण तिला खटका नसतो, अनेकींच्या ब्रेकच्या तेलाची वाहिनी एकच असते आणि ती कोठेही फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. यांतले काही दुरुस्त होते, काही होत नाही.

त्याच संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मुलीच्या आईने मला पाठविला होता, आणि तो वाचण्याजोगा आहे. नव्या उघड्या गाड्या त्यांच्याच बंद टपाच्या भावंडांपेक्षा अधिक घातक असल्याचे त्यात आढळले नाही. परंतु तो अभ्यास अलीकडच्या बनावटीच्या गाड्यांचा आहे, ज्यांच्या समोरच्या काचेची चौकट मजबूत केलेली असते, अनेकींत गाडी उलटू लागताच आसनामागून संरक्षक कमानी आपोआप वर येतात आणि पट्टे, एअरबॅग मुळातच असतात. मर्सिडीजने अशी आपोआप उभी राहणारी कमान १९८९ मध्येच आपल्या उघड्या गाडीत आणली. तेव्हा माझा आक्षेप उघड्या टपाला आहे असा जो समज करून घेतला जातो, तो बरोबर नाही. उद्या मुलीची आई नव्या बनावटीची उघडी गाडी घेऊन आली आणि तिच्या मागच्या आसनावर मुलीची चाइल्ड सीट उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे घट्ट बसत असेल, तर मी डोक्याला टोपी आणि कानाला वारा लागू नये एवढेच सांगेन.

कायदा काय म्हणतो, असेही मला विचारण्यात आले. कायदे देशोदेशी वेगळे आहेत आणि जुन्या गाड्यांना बहुतेक ठिकाणी सवलती असतात, कारण जे मूळ बनावटीत नव्हते ते मागील तारखेने सक्तीचे करणे अवघड असते. ब्रिटनमधील नियम बोलका आहे: मुळात सीट बेल्ट नसलेल्या गाडीतून तीन वर्षांखालील मुलाला नेताच येत नाही, त्याहून मोठ्या मुलाला फक्त मागे बसविता येते. म्हणजे चार वर्षांचे मूल तेथे पट्ट्याशिवाय कायदेशीरपणे बसू शकते. ही सवलत गाड्यांचा इतिहास पाहून दिलेली आहे. मुलाचे हाड चौथ्या वर्षी बळकट होते म्हणून नव्हे. गाडीबरोबर जपून ठेवलेली त्या काळातील लहान मुलांची खुर्चीही अशीच फसवी असते. त्यांपैकी बऱ्याचशा मुलाला बाहेरचे दिसावे आणि त्याने चळवळ करू नये एवढ्यासाठीच बनवलेल्या होत्या. अमेरिकेत चाइल्ड सीटचे पहिले मानक १९७१ मध्ये आले, पण प्रत्यक्ष धडक-चाचणी सक्तीची व्हायला १९८१ उजाडले.

'आम्ही नाही का असेच वाढलो' या युक्तिवादावर मी शब्द खर्च करीत नाही. जे वाढले नाहीत ते आता पत्रे लिहीत नाहीत. मात्र दुसरा एक प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. मुलीला मी सायकल शिकवतो, पोहायला नेतो, झाडावर चढू देतो, मग येथेच एवढा हट्ट का? सायकलवरून पडताना मूल काही शिकते, पुढच्या वेळी ब्रेक आधी दाबते. त्या धोक्यात त्याचा स्वतःचा वाटा असतो. मागच्या आसनावर बसलेल्या मुलाच्या हातात काहीही नसते. ते कितीही शहाणे, कितीही सावध असले तरी त्याने करण्यासारखे तेथे काही नाही, म्हणून त्याच्या वाट्याची सगळी सावधगिरी मोठ्यांनी आधीच घेतलेली असली पाहिजे.

आता त्या चौथ्या मुद्द्याकडे येतो. एका घरात राहणाऱ्या नवरा-बायकोत हा वाद दाराशीच संपला असता. एकाने म्हटले असते, आज नको, दुसरी गाडी काढ; दुसऱ्याने थोडी कुरकुर करून किल्ली बदलली असती. दोन घरे झाली की तेच वाक्य निरोपातून जाते, निरोपाला तारीख असते, तो जपून ठेवला जातो, आणि वाचणारा त्यात जुना राग शोधतो. 'तुला गाडीची काळजी नाही, माझ्यावर ताबा हवा आहे,' असे मला ऐकावे लागले. आमच्या पूर्वेतिहासामुळे तिला तसे वाटणे अस्वाभाविक नव्हते, पण म्हणून तो बोल्ट घट्ट होत नाही. उलट, तिच्या प्रत्येक हौशीला बेजबाबदारपणा ठरविण्याची सोयही अशा वादात सहज हाताशी येते, आणि तीही तितकीच अन्यायाची आहे. जी बाई गाडीचे तेल वेळेवर बदलते, टप उतरवण्याआधी आभाळ पाहते, तिला निष्काळजी म्हणणे खोटेपणाचे होईल.

या ओढाताणीत मुलीने मला एकदा विचारले, "बाबा, आजोबांची गाडी वाईट आहे का?" मी तिला सांगितले की गाडी छान आहे, फक्त तिच्यात तुझ्या मापाची जागा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलाचे हित प्रथम पाहावे असे तिसऱ्या कलमात आणि मुलाचे मत ऐकून घ्यावे असे बाराव्या कलमात म्हटले आहे. ऐकून घ्यावे हे खरेच, पण 'तुला बसायचे आहे ना?' असे विचारून तिच्या होकारावर निर्णय टाकणे म्हणजे दोन मोठ्यांना जमले नाही ते ओझे सहा वर्षांच्या खांद्यावर देणे आहे. आमच्यात एक गोष्ट मात्र ठरली आणि ती नीट चालू आहे: गाडी उभी असताना मुलगी तिच्यात बसते, आईबरोबर क्रोम पुसते, भोंगा वाजवते.

ज्याच्याकडे मूल, त्याचा शब्द अखेरचा, हे तत्त्व खाणे, झोपणे, दूरदर्शन पाहणे यांसाठी मला मान्य आहे. तिच्या घरच्या अशा कोणत्याही गोष्टीत मी लक्ष घालत नाही. परंतु जेथे झालेले नुकसान पुन्हा भरून येत नाही, तेथे त्या दिवशी मूल कोणाकडे होते यावर उत्तर अवलंबून असू नये. शस्त्रक्रिया, शाळा बदलणे, परदेशी नेणे यांबाबत विभक्त पालकांच्या करारात दोघांची संमती लिहिलेली असते. वाहनाविषयी मात्र बहुधा काहीच लिहिलेले नसते, कारण मध्यस्थासमोर बसलेल्या दोघांना तेव्हा ते सुचत नाही. माझी सूचना एका वाक्याची आहे: मुलाच्या वयाला आणि उंचीला योग्य अशी चाइल्ड सीट किंवा बूस्टर ज्या वाहनात उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे बसविता येते, त्याच वाहनातून दोन्ही पालक त्याला नेतील. यात जुनी-नवी, उघडी-बंद असा शब्द नाही, कोणाच्या स्वभावाविषयी मत नाही, आणि माझी स्वतःची गाडीही त्यातून सुटत नाही. तंटा झालाच तर दोघांनी मिळून निवडलेल्या तिसऱ्या जाणकाराने गाडी खालून-वरून तपासावी आणि खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यावा. मुलीच्या आईपुढे मी हे लेखी ठेवले आहे; तिने अद्याप होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही.

कौटुंबिक वादांत समुपदेशन करणाऱ्या आपल्या वाचकांनी हे वाक्य आपल्या नमुन्यातील कराराला जोडण्याचा विचार करावा. आणि आपल्याला विनंती अशी की, जुन्या मोटारींवरील यापुढच्या लेखांसोबत चालत्या गाडीत उभ्या असलेल्या मुलांची छायाचित्रे छापू नयेत. तो लेख माझ्याकडे पुराव्यादाखल पाठविण्यात आला होता, आणि अशाच दुसऱ्या एखाद्या घरात तो आजही कोणीतरी कोणाला पाठवीत असेल.

मुलीचे वय लक्षात घेऊन माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपला,
एक वाचक